दहावा सूचक

२०१९ च्या विधानसभेला माझी अनामत रक्कम एका कापडी पिशवीत होती. पाण्याच्या प्रश्नावर ज्या वस्त्यांबरोबर सात-आठ वर्षं हिंडलो, तिथल्या बायकांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये काढून दहा हजार जमवले होते. निम्मी तरी नाणीच. वार्ताहरांनी फोटो काढले. टेबलामागच्या कारकुनाने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता ढीग लावायला घेतले. मोजायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासाने माझी निवडणूक खाल्ली, हे कळायला दुसरा दिवस उजाडला.

चळवळीत, संघटनेत काम करणारी पोरं अधूनमधून येतात. 'दादा, विधानसभेला उभं राहायचं म्हणतोय.' मी एकदा उभा राहता राहता राहिलो आणि २०२४ ला खरोखर उभा राहून पडलो, एवढाच माझा अधिकार. वय पंचवीस, राज्यातल्या कुठल्या तरी मतदार यादीत नाव, अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार, हे तुम्हाला ठाऊक असणार. त्यावर शाई घालवत नाही. मला बोलायचंय ते सूचकांवर, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवत अर्जावर सही करणाऱ्या मतदारांवर. हसू नका, मीही हसलो होतो.

मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर त्याच्या अर्जावर एका सूचकाची सही पुरते. अपक्षाला दहा लागतात. नऊ चालत नाहीत. आणि हे दहाही जण ज्या मतदारसंघातून तुम्ही उभे आहात, त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ३३. वाक्य साधं आहे. मीही ते वाचलं होतं. 'माझ्यामागे बावीस गावं आहेत, मला दहा माणसं मिळणार नाहीत?' अशा तोऱ्यात वाचलं होतं.

आता आमच्या तालुक्याची गंमत सांगतो. तुमच्याकडेही असेल, नक्की तपासा. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघ आखले ते महसूल मंडळं, म्हणजे तालुक्यातले गावांचे गट, धरून. अनेक तालुक्यांची दोन शकलं झाली. काही मंडळं या मतदारसंघात, काही शेजारच्या. तहसीलदार एकच, बाजार एकच, रेशनकार्डावरचा तालुका एकच, टँकरसाठी मोर्चा नेला तर तोही एकाच कचेरीवर. आमदार मात्र दोन. आमच्या आंदोलनातली बावीस गावं म्हणजे आम्ही एक मुलूख समजत होतो. निवडणूक आयोगाच्या लेखी त्यातली तेरा गावं माझी होती आणि नऊ कुणा दुसऱ्याची. मोर्च्यात पुढे चालणाऱ्या माणसाचा मतदारसंघ कोणता, असा प्रश्न मला सात वर्षांत एकदाही पडला नाही. पडायला हवा होता.

मोर्च्यात सगळ्यात पुढे असायच्या त्या ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या मावशी. पहिला सूचक त्याच, हे ठरलेलंच होतं. त्यांनाही ते हवं होतं, कारण साक्षरता वर्गात शिकलेली सही त्यांना सरकारी कागदावर करायची होती. पेन घट्ट धरून, एकेक अक्षर काढत त्यांनी सही केली, आणि मला ती दहाही सह्यांत देखणी वाटली. ओढा मात्र मंडळाची हद्द होता. मावशींचं नाव शेजारच्या मतदारसंघात.

त्यांचं मतदार ओळखपत्र मी पाहिलं होतं. पुढची बाजू पाहिली होती. फोटो, नाव, नंबर, बरोबर. विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव असतं मागच्या बाजूला. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका कार्यकर्त्याने यादीतून उतरवून आणला होता. कोणत्या मतदारसंघाच्या यादीतून, हे त्यालाही विचारलं नाही. त्या भाग क्रमांकाचा भाग आमच्याही मतदारसंघात होता. त्या अनुक्रमांकावर तिथे कुणी भलताच गृहस्थ होता.

मग टेबलावर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? शेवटचा दिवस होता, ४ ऑक्टोबर. २७ सप्टेंबरला अर्ज सुरू झाले तेव्हा पितृपक्ष चालू होता. मी असलं मानत नाही. पण देणगी देणारे, गाडी देणारे, सोबत येणारे मानतात. 'घटस्थापना होऊ दे.' घटस्थापना झाली, गांधी जयंतीची सुट्टी गेली, आणि शेवटच्या दिवशी सगळा जिल्हा दारात. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. त्यात माझी नाणी. कागद जोडले आहेत की नाहीत याची तपासणी सूची मिळाली, सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या, मी ती उंचावून बाहेर दाखवली. फटाके वाजले.

तपासणी सूची म्हणजे छाननी नव्हे. पुन्हा लिहितो: ती कागद पोचल्याची पावती आहे, मंजुरी नाही. दुसऱ्या दिवशी छाननीत एका उमेदवाराच्या वकिलाने यादी उघडून शांतपणे विचारलं, 'या बाई कुठल्या?' अधिकाऱ्यांनी यादी पाहिली. मी म्हटलं, लेखनिकी चूक आहे, दुरुस्त करू द्या. इथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. मतदार खरा असेल आणि क्रमांक लिहिताना तेवीसचे बत्तीस झाले असतील, तर ती लेखनिकी चूक. तेवढ्यावर अर्ज उडवता येत नाही. पण माणूसच त्या मतदारसंघाचा मतदार नसेल, तर तो आकड्याचा घोळ राहत नाही. सूचक नऊच उरतात. आक्षेपाला उत्तर द्यायला मुदत मागता येते, कलम ३६ मध्ये तशी सोय आहे. पण ती उत्तर द्यायला. नवा सूचक आणायला नाही. अर्ज भरण्याची मुदत संपली की तो दरवाजा बंद. उच्च न्यायालयात जाऊ म्हणून रात्री दोघे-तिघे पेटले होते. संविधानाचं कलम ३२९ बघा: निवडणूक चालू असताना न्यायालय मध्ये हात घालत नाही. निकाल लागल्यावर पंचेचाळीस दिवसांत निवडणूक याचिका करता येते. माझ्या याचिकेत लिहायला काय होतं? की मावशी फार चांगल्या आहेत?

अर्ज फेटाळला तेव्हा त्या बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. त्यांना काय सांगावं कळेना. त्यांनीच विचारलं, 'माझी सही वाकडी झाली का रं?'

असो.

उपाय सांगतो आणि तो फुकट आहे. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि चारींना मिळून अनामत एकच. तेव्हा चार अर्ज भरा, प्रत्येकावर वेगळे दहा सूचक. चाळीस माणसं. एका अर्जात खोट निघाली तर दुसरा उभा राहतो. प्रत्येक नाव ताज्या यादीत तुम्ही स्वतः, बोट ठेवून, मतदारसंघ क्रमांकासकट बघा. लग्न होऊन गेलेल्या मुली, शहरात नाव हलवलेले मुलगे, दोन ठिकाणी नाव असलेले हुशार लोक, सगळे वगळा. सही न येणारा सूचक जरूर घ्या, पण अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोरच उमटवावा लागतो; घरी ओसरीवर घेतलेला चालत नाही. आणि दबावाला वाकणारा सूचक नको. २०२४ च्या लोकसभेला सुरतमध्ये सूचकांनी 'या सह्या आमच्या नाहीत' असं लिहून दिलं, एका राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला आणि अखेर तिथे मतदानच झालं नाही. तुम्ही तर अपक्ष.

स्वतःचं नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर तिथल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जाला लावावी लागते. शपथ विसरू नका. अर्ज दिल्यावर उमेदवाराला शपथ घ्यावी लागते आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत उरकलेली असावी लागते. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा नको. जिथे काही नाही तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. अनामत नोटांनी भरा. जनतेच्या नाण्यांचा फोटो बाहेर काढा, नंतर बँकेत बदलून घ्या.

मार्गदर्शकांबद्दल थोडं कडू बोलतो. तहसीलच्या आवारात 'फॉर्म तयार करून मिळेल' म्हणणारे भेटतात, आणि प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक अपक्षाला 'तुमची हवा आहे' सांगणारे एक-दोन ज्येष्ठही असतात. पहिल्यांपासून सावध राहा, दुसऱ्यांपासून पळा. मोबाईलवर संदेश पाठवण्याचं पॅकेज विकणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. माझ्या मते खरा गुरू म्हणजे निवडणूक शाखेतून निवृत्त झालेला अव्वल कारकून. त्याला तुमच्या विचारसरणीशी देणंघेणं नसतं, तो फक्त विचारतो, 'जोडपत्र कुठंय?' २०२४ ला मला असा एक माणूस भेटला. आधी जिल्हा परिषद लढ, असा सल्लाही बरेच देतात. सल्ला वाईट नाही; फक्त आमच्याकडे मुदत २०२२ ला संपली आणि निवडणूक वर्षानुवर्षं होईचना. वाट बघत बसलो असतो तर दाढी पांढरी झाली असती.

२०२४ ला चार अर्ज, चाळीस सूचक. शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती, धनत्रयोदशी; आम्ही आधीच मोकळे झालो होतो. छाननीत एका अर्जावरचा एक सूचक पुन्हा चुकीचा निघाला. त्याने उन्हाळ्यात नाव पुण्याला नेलं होतं आणि सांगितलं नव्हतं. बाकीचे तीन अर्ज वैध ठरले. तेवढ्यावर मी ढसाढसा रडलो हे आता लिहायला हरकत नाही.

त्यानंतर आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना बोचते. रास्ता रोको, जमावबंदी मोडली, कचेरीसमोर ठिय्या, असे खटले आपल्यावर असतातच. ते सगळे प्रतिज्ञापत्रात लिहायचे आणि अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर स्वखर्चाने जाहीरही करायचे. पाण्यासाठी बसलेला माणूस चौकटीत 'प्रलंबित गुन्हे' म्हणून छापून येतो. माझ्या आईने ती जाहिरात पाहिली. तुमच्या घरच्यांना आधी सांगून ठेवा. लपवू मात्र नका, एकही नाही. मतदारांना ती जाहिरात फारशी खटकत नाही; मला दोघांनी 'एवढंच?' असं विचारलं.

चिन्ह ४ नोव्हेंबरला दुपारनंतर मिळालं. प्रचार १८ ला संध्याकाळी थांबला. म्हणजे अपक्षाच्या हातात चिन्हासकट चौदा दिवस, त्यात दिवाळीची सुस्ती उतरायची. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, त्यात नावाच्या अक्षरक्रमाने. मी तळाशी होतो. घरोघर जाऊन नाव सांगण्याऐवजी 'खालून तिसरं बटण' सांगायला लागलो, तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात शिरलं. सभा एकच घेतली आणि तीही घ्यायला नको होती. तीनशेहून जास्त मतदान केंद्रं. मतदान प्रतिनिधी मिळाले सत्तर. ओढ्यापलीकडची पोरं यायला तयार होती, पण प्रतिनिधीही त्या मतदारसंघाचाच मतदार लागतो. पुन्हा तीच यादी. ज्या केंद्रावर आपला माणूस बसला, तिथे निदान नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना १७ क आपल्या हातात येतो. बाकीच्या ठिकाणी आपण फक्त ऐकीव माणूस.

पडलो. अनामत वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दोन लाख मतदान वैध धरलं तर तेहतीस हजारांच्या वर. मी त्याच्या आसपासही नव्हतो. ज्या निवडणुकीत उभाच राहिलो नाही तिची अनामत परत मिळाली, जी लढलो तिची जप्त झाली. पहिल्या वेळेची पिशवी मी घरोघर जाऊन परत केली होती. या वेळी कुणी मागितली नाही.

पडल्यावर घरी जाऊन झोपू नका, खर्चाचा हिशेब राहिलाय. खर्चाची मर्यादा चाळीस लाख होती, २०१९ ला अठ्ठावीस. आपल्याला त्या आकड्याशी काय करायचंय असं वाटतं, पण चार लाख खर्च करणाऱ्यालाही वेगळं बँक खातं, रोजची नोंदवही आणि निकालापासून तीस दिवसांत हिशेब सादर करणं चुकत नाही. तो दिला नाही आणि कारणही पटलं नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हरलेलेच यात जास्त सापडतात, कारण त्यांना वाटतं, संपलं. चहा, खुर्ची, मंडप, प्रत्येकाचा दर जिल्ह्याच्या दरपत्रकात असतो आणि कुणी फुकट दिलेली वस्तूही त्या दराने दाखवावी लागते.

मावशी चौदाही दिवस ओढा ओलांडून प्रचाराला येत होत्या, स्वतःचं मत मला देता येणार नाही हे माहीत असून. स्टोव्ह आणि पातेलं त्यांचंच, चहापत्तीही. डिसेंबरात मी पावतीचा कागद घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो, तर त्या भडकल्याच. 'माझ्या चहाचं पैसं लावतोस?' समजावून सांगितलं. मग त्यांनी पेन मागितलं, आधी माझ्याकडे बघितलं.

'हिथं तरी चालती का माझी सही?'

'चालते. ह्याला यादी लागत नाही.'