अ‍ॅड-इनमधून एक्सेलच्या सेलमध्ये फॉर्म्युला भरताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बऱ्याच फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये कास्टिंगचं वजन, दर, जॉबवर्कचं बिल हे सगळं एक्सेलवरच चालतं. कुणीतरी व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रोच्या भाषेत, एक्सेलला जोडायचं छोटं अ‍ॅड-इन लिहून देतो, बटण दाबलं की फॉर्म्युले भरले जातात. मग एक दिवस सेलमध्ये आकडा न येता फॉर्म्युलाच जसाच्या तसा दिसायला लागतो.

अशा वेळी लोक कोड तपासत बसतात. आधी सेलचं फॉरमॅट बघा. पार्ट नंबरच्या सुरुवातीची शून्यं उडू नयेत म्हणून तो कॉलम 'टेक्स्ट' ठेवलेला असतो. त्याच्या उजवीकडे नवा कॉलम घातला की तोही टेक्स्टच होतो. नंतर फॉरमॅट 'जनरल' केलं तरी आधी भरलेला फॉर्म्युला जागा होत नाही, तो पुन्हा लिहावा लागतो. म्हणून अ‍ॅड-इनने आधी फॉरमॅट बदलावं, मग फॉर्म्युला भरावा.

बटण दाबल्यावर व्हीबीएची एरर १००४ आली तर बहुतेक वेळा दोष अवतरणचिन्हांचा. कोडमध्ये फॉर्म्युल्याच्या आतलं दुहेरी चिन्ह दोनदा लिहावं लागतं. 'कास्टिंग वजन' असं मध्ये जागा असलेलं शीटचं नाव एकेरी चिन्हांत हवं. तयार झालेली ओळ व्हीबीए एडिटरच्या इमिजिएट विंडोत छापून हाताने सेलमध्ये टाकून बघा, चूक लगेच सापडते.

फॉर्म्युल्यात आपोआप '@' घुसत असेल, तर कोडमध्ये 'फॉर्म्युला'ऐवजी 'फॉर्म्युला२' (Formula2) ही प्रॉपर्टी वापरा. मात्र एक्सेल २०१९ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत ती नाही.

सर्वांत जास्त डोकेदुखी फाइल दुसऱ्याकडे गेल्यावर होते. अ‍ॅड-इनमध्ये स्वतःचं फंक्शन असेल आणि फाइल शाहूपुरीतल्या अकाउंटंटकडे पाठवली, तर तिकडे सेलच्या फॉर्म्युल्यात तुमच्या कॉम्प्युटरवरच्या त्या फाइलचा पूर्ण पाथ दिसतो. जुना आकडा काही वेळ टिकतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुन्हा गणित झालं की 'हॅश-नेम' (#NAME?) एरर. अ‍ॅड-इन त्यांच्याकडेही असेल, तर 'एडिट लिंक्स'मध्ये (नव्या एक्सेलमध्ये 'वर्कबुक लिंक्स') जाऊन 'चेंज सोर्स'ने त्यांच्या कॉम्प्युटरवरची तीच एक्सएलएएम (.xlam) फाइल दाखवायची. नसेल, तर फंक्शन सोडून साध्या सूत्रांवर काम भागवा. माझ्या मते बिलासाठी तेच बरं.

हजार ओळींसाठी कोडमध्ये एकेक सेल भरणारा लूप फिरवू नका. पूर्ण रेंजला एकदाच फॉर्म्युला द्या, ओळींचे संदर्भ एक्सेल स्वतः सरकवतं.

आणि मॅक्रोने भरलेलं कंट्रोल-झेडने परत फिरत नाही. महिनाअखेरीच्या फाइलवर बटण दाबण्याआधी तिची प्रत काढून ठेवा.