किडनी प्रत्यारोपणानंतरचा खर्च : पैशांच्या या चुका टाळा

प्रत्यारोपण ठरलं की घरात एकच आकडा फिरू लागतो, ऑपरेशनच्या पॅकेजचा. त्यासाठी एफडी मोडते, दागिने गहाण पडतात, भावकीकडून उसने आणले जातात आणि डिस्चार्जच्या दिवशी गाठीला काहीच उरत नाही. नेमकी त्याच दिवशी औषधांची चिठ्ठी हातात पडते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून या गोळ्या असतात आणि ती किडनी चालते आहे तोवर त्या सुटत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या सहा महिन्यांच्या औषधांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि मगच पॅकेजची जुळवाजुळव करावी.

पहिल्या महिन्याचं बिल बघून घाबरणं

सुरुवातीचे महिने सगळ्यांत जड जातात. डोस जास्त असतो, रक्ततपासण्या लागोपाठ असतात, शिवाय सीएमव्ही विषाणूपासून बचाव म्हणून बऱ्याच जणांना तीन ते सहा महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर घ्यावी लागते. ही गोळी महाग आहे. पण ती पुढे बंद होते, बाकीचे डोस हळूहळू उतरतात, तपासण्यांमधलं अंतर वाढतं. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर ‘एवढा खर्च जन्मभर कसा झेपणार’ या धसक्याने लोक चुकीच्या ठिकाणी हात आखडतात. हॉस्पिटलमधल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरकडून (प्रत्यारोपणाची सगळी जुळणी बघणारी व्यक्ती) तीन अंदाज लिहून घ्या: पहिले तीन महिने, उरलेलं वर्ष आणि त्यापुढचा दरमहा खर्च. बाहेरगावचे असाल तर हॉस्पिटलजवळच्या खोलीचं भाडं, डबा, रिक्षा आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगारही त्यात धरा.

गोळ्यांत काटकसर करणं

याहून महागात पडणारी बचत नाही. महिनाअखेरीला पैसे संपतात, मग दोनऐवजी एकच गोळी घेतली जाते किंवा चार दिवस खाडा होतो. फसवं असं की त्या चार दिवसांत काहीच जाणवत नाही. लघवी होते, भूक लागते, माणूस कामावरही जातो. कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा आकडा, चढल्यावर. मग बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं), स्टेरॉइडची इंजेक्शनं, पुन्हा अॅडमिट होणं. आणि किडनी गेलीच तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस.

दुसरी गल्लत केमिस्टच्या काउंटरवर होते. ‘औषध तेच आहे, फक्त कंपनी दुसरी,’ असं सांगून पाकीट हातात ठेवलं जातं. टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण थोड्याशा फरकानेही बिघडू शकतं. स्वस्त कंपनीचं किंवा जनऔषधी केंद्रातलं औषध घ्यायला हरकत नाही. फक्त नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीतज्ज्ञांना) विचारून बदला, बदलल्यावर लेव्हल, म्हणजे रक्तातलं हे प्रमाण, तपासा आणि मग तीच कंपनी धरून ठेवा.

या लेव्हलच्या तपासणीतही पैसे वाया जातात. दिवसातून दोनदा गोळी असेल तर रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. सवयीने आठला गोळी घेतली आणि नऊला रक्त दिलं की आकडा फुगून येतो आणि सगळी तपासणी नव्याने करावी लागते. त्या दिवशी सकाळची गोळी डबीत घालून सोबत न्या आणि रक्त देऊन झाल्यावर तिथेच घ्या.

गावातल्या डॉक्टरांनाही औषधांची यादी दाखवा. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलने किंवा क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने ती उतरते. अंगदुखीसाठी मनाने घेतलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी किडनीलाच इजा करते.

मदतीसाठी उशिरा धावणं

पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज उपचाराआधी किंवा उपचार चालू असताना करायचा असतो. भरून झालेल्या बिलाची भरपाई तिथे मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. नंतरची औषधं त्यात बसतात का, आणि कितव्या महिन्यापर्यंत, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधीच विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णांच्या या गोळ्यांसाठी महिना १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. सरकारी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांकडे तिची चौकशी करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि हॉस्पिटलचं अंदाजपत्रक एका फाइलमध्ये तयार ठेवा. बहुतेक अर्ज याच कागदांवाचून अडतात.

विमा असेल तर डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्चही मिळतो. आरोग्य संजीवनी पॉलिसीत तो ६० दिवसांचा आहे. त्या काळातलं प्रत्येक बिल चिठ्ठीसकट जपा. हप्ता मात्र कधीच चुकवू नका, कारण प्रत्यारोपण झालेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं फार कठीण. आयकराच्या जुन्या करप्रणालीत गंभीर आजाराच्या उपचारखर्चासाठी ८०डीडीबी म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे: ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाखापर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि विम्याकडून मिळालेली रक्कम वजा होते.

एवढं करूनही पैसे संपत आले, तर शेवटची स्ट्रिप रिकामी व्हायची वाट बघू नका. आठवडाभर आधी कोऑर्डिनेटरला फोन करा आणि अडचण मोकळेपणाने सांगा. स्वस्त पर्याय किंवा एखाद्या ट्रस्टची मदत शोधायला त्यांनाही वेळ लागतो.

दात्याला हिशोबात न धरणं

किडनी दिलेल्या माणसाचेही काही आठवडे बिनपगारी जाऊ शकतात. केंद्र सरकारी कर्मचारी दात्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते, पण रोजंदारीवरच्याला कुठली? शिवाय दात्याचा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन दरवर्षी तपासायला हवं. आईने किंवा पत्नीने किडनी दिलेली असते आणि घरातली ओढाताण बघून ‘मला काय झालंय’ म्हणत तीच तपासणी टाळते. तिची तपासणी रुग्णाच्या फॉलोअपच्या तारखेलाच लावून घ्या, म्हणजे एका फेरीत दोघांचं होतं आणि गाडीभाडंही वाचतं.