इगर्जींच्या आतील जुनी छायाचित्रे पाहताना या चुका टाळा

जुने गोवे येथील इगर्जींच्या, म्हणजे चर्चच्या, सोनेरी वेद्या एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत काळपट दिसतात, आणि त्या काळी वर्ख झिजला असावा असे पाहणाऱ्याला सहज वाटते. मीही कित्येक वर्षे तसेच समजत होतो. वस्तुतः १८५१ मध्ये पुढे आलेल्या ओल्या कलोडियनच्या, म्हणजे चिकट रसायनाचा थर दिलेल्या, छायाचित्रणाच्या काचा आणि नंतरच्या, जिलेटिनचा थर असलेल्या साध्या कोरड्या काचा मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश टिपत, पिवळा व तांबडा फारच थोडा. त्यामुळे सोने काळे आणि निळा रंग पांढुरका उमटे. चांदीला हा दोष बाधत नाही. म्हणूनच जुने गोवे येथीलच बॉम जीझस या इगर्जीतील सेंट फ्रान्सिस झेवियर यांची, गोव्यातील कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली चांदीची पेटी पुरेशा उजेडात उजळच येते. वर्ख खरोखर उडाला असेल तर डागाची कड वेडीवाकडी असते आणि लाकडाचे रेषे उघडे पडतात. रसायनाचा काळेपणा मात्र एकसारखा पसरतो व कोरीव पानांच्या घासलेल्या कडा त्यातही चमकतात. ही तपासणी भिंगाने केल्याशिवाय डागडुजीचा निर्णय कधीही घेऊ नये, कारण चुकीच्या वाचनावरून चढवलेला नवा वर्ख जुन्या कारागिराचा हात कायमचा झाकून टाकतो.

दुसरी चूक उलटी, म्हणजे डावे-उजवे बदललेली, प्रत छापण्याची. बॉम जीझसच्या मुख्य वेदीवर, संत इग्नेशियसच्या मूर्तीच्या वर, आय-एच-एस (IHS) ही येशूच्या नावाची अक्षरे आहेत. त्यांतली पहिली दोन आरशातही तशीच दिसतात, म्हणून फसगत होते. शेवटच्या एसचे वळण पाहावे. अक्षरे नसतील, तर मुख्य वेदीकडे तोंड केल्यावर सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी उजव्या हाताला यावी.

रिकामी दिसणारी इगर्ज खरोखर रिकामी होती, असेही मानू नये. अंधाऱ्या सभागृहात प्रकाश घेण्यास बराच वेळ लागे आणि हलणारी माणसे पुसली जात. खिडकीभोवतीचे नक्षीकाम विरघळल्यासारखे दिसते, तेही काचेच्या मागील पृष्ठावरून परतलेल्या उजेडामुळे.

पावसाळ्यानंतर काचेवर बुरशी आढळली, तर ओले फडके मुळीच लावू नये. जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि चित्र फडक्याला येते. चकचकीत बाजू कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडावी. मंद बाजूला, जिथे चित्र असते, हात लावू नये, ती जाणकाराकडे सोपवावी.