फ्रेज सर्चचा सिंटॅक्स ठरवताना या चुका टाळा

अवतरणचिन्हांना सपोर्ट दिला की फ्रेज सर्चचं, म्हणजे लागोपाठचे शब्द एकत्र शोधण्याचं, काम संपलं, असं मानणारे बरेच भेटतात. मराठी संग्रहात "पुणे विद्यापीठ" शोधणाऱ्याला "पुण्यातील विद्यापीठ" आणि "पुण्याच्या विद्यापीठात" हेही हवं असतं. विभक्तीमुळे फ्रेजच्या आत वाइल्डकार्ड (इतर अक्षरांच्या जागी चालणारं * किंवा ? हे चिन्ह) चालणं ही इथे चैन नाही, गरज आहे.

पहिली ठेच तिथेच लागते. ल्युसीन या सर्च लायब्ररीचा नेहमीचा क्वेरी पार्सर (शोधाची ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा भाग) अवतरणातलं वाइल्डकार्ड ओळखत नाही. "पुण* विद्यापीठ*" लिहिलं तर टोकनायझर (मजकुराचे सुटे शब्द पाडणारा भाग) तारका गाळतो आणि "पुण विद्यापीठ" हेच शब्द जसेच्या तसे शोधतो. एरर येत नाही, निकालही येत नाहीत. यासाठी कॉम्प्लेक्सफ्रेज हा वेगळा पार्सर आहे. तो ल्युसीनवर उभ्या असलेल्या सोलर या सर्च सर्व्हरमध्येही मिळतो.

पण पार्सर बदलला की चिन्हांचे अर्थही तपासा. अवतरणाबाहेरचा ~ म्हणजे स्लॉप, शब्दांमधल्या अंतराची सूट. एका शब्दाला लावलेला ~ म्हणजे स्पेलिंगमधली सूट. कॉम्प्लेक्सफ्रेजमध्ये दोन्ही एकाच क्वेरीत येऊ शकतात आणि वापरणारा गोंधळतो. त्यात नेहमीच्या पार्सरमध्ये "पुणे विद्यापीठ"~२ ही क्वेरी "विद्यापीठ पुणे" सुद्धा आणते, कारण दोन शब्दांची अदलाबदल स्लॉपमध्ये २ मोजली जाते. कॉम्प्लेक्सफ्रेज मात्र डीफॉल्टने क्रम पाळतो. क्वेरी तीच, निकाल वेगळे. शिवाय स्लॉप सगळ्या फ्रेजला मिळून असतो, प्रत्येक जोडीला वेगळा नाही. चार शब्दांच्या फ्रेजला ~३ फार लवकर अपुरा पडतो. नवा सिंटॅक्स स्वतः ठरवत असाल तर अंतरासाठी आणि स्पेलिंगसाठी दोन निराळी चिन्हं ठेवा, आणि क्रम हवा की नको हे लिहिणाऱ्यालाच सांगू द्या.

वाइल्डकार्डवर मर्यादा न घालणं ही पुढची चूक. पुण* म्हणजे इंडेक्समधला (शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीतला) पुण ने सुरू होणारा प्रत्येक शब्द, म्हणजे पुण्य आणि पुण्यतिथीसुद्धा. मोठ्या इंडेक्सवर कॉम्प्लेक्सफ्रेजच्या अवतरणात क* लिहिलं तर ल्युसीनची १०२४ क्लॉजची (क्वेरीतल्या पर्यायी शब्दांची) डीफॉल्ट मर्यादा ओलांडून क्वेरीच पडते. ती मर्यादा वाढवून मोकळं होण्यापेक्षा तारकेआधी किमान काही अक्षरं सक्तीची करा. फक्त अक्षरं कशी मोजताय ते पाहा: सॉफ्टवेअरच्या हिशेबात एकट्या "श्री"मध्ये चार युनिकोड चिन्हं आहेत. ? हे वाइल्डकार्डही एकाच चिन्हाला लागतं, त्यामुळे ग? ला गड सापडतो, गढी सापडत नाही.

"शेतकर*" शोधून शेतकरी मिळतो आणि "शेतकऱ्यांचा" बऱ्याचदा मिळत नाही, ही तक्रार हमखास येते. ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ या स्वतंत्र चिन्हाने, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्या. त्यासाठी ल्युसीनचा तयार हिंदी नॉर्मलायझर (लिहिण्यातले फरक मिटवून एकच रूप करणारा भाग) उचलावासा वाटेल. तो ऱ चा र करतो खरा, पण दीर्घ वेलांट्याही ऱ्हस्व करतो. मग "दीन" आणि "दिन" एकच होऊन बसतात. फक्त हवे तेवढे बदल स्वतः लिहिणं बरं.

निकाल चुकीचे वाटले तर आधी क्वेरी नेमकी कशी वाचली गेली ते बघा. सोलरमध्ये डीबगक्वेरी चालू करा. ल्युसीनवरच्याच इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या सर्व्हरमध्ये व्हॅलिडेट आणि अ‍ॅनलाइझ या दोन सोयी आहेत. निकाल अचानक हजारोंनी आले तर संशय अवतरणचिन्हांवर घ्या. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणं पार्सरला अवतरणं वाटतच नाहीत, आणि डीफॉल्ट ऑपरेटर ऑर (कोणताही एक शब्द चालेल) असेल तर दोन्ही शब्द सुटेसुटे शोधले जातात. पार्स करण्याआधी ती सरळ करून घ्या. त्याच पायरीत आकडेही बदला: या लेखात स्लॉप देवनागरी अंकांत छापलाय, पण ल्युसीनचा पार्सर ~ नंतर फक्त इंग्रजी अंक घेतो आणि ~२ मधला २ त्याला स्लॉपचा आकडा वाटत नाही.