स्वतःची गाणी घेऊन स्टेजवर चढताय? आधी बोर्डातलं अर्थिंग बघा

गिटार येते, ड्रमर मिळालाय, चार-पाच गाणी स्वतःची बसली आहेत, असं धरून चालतो. मराठवाड्यात अशा बँडला हक्काची जागा नाही. छत्रपती संभाजीनगरात एखादा कॅफे मिळतो. लातूर, नांदेड, परभणीकडे कॉलेजची गॅदरिंगं, गणपती, नवरात्र. म्हणजे स्टेज मंडपवाल्याचं, साउंड डीजेवाल्याचा आणि लाइट कुठून ओढली आहे ते कुणालाच धड माहीत नसतं. नवीन पोरं तिथेच फसतात. आम्हीही फसलो, म्हणून यावर जरा जास्तच लिहितो.

गिटार हातात आहे, ओठ माइकला लागले आणि झिणझिण्या आल्या, तर गाणं तिथेच थांबवा. ‘होतं असं थोडंफार’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गिटारच्या तारा केबलमधून अॅम्पच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या) पत्र्याला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या पत्र्याला. अॅम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर आणि त्यातल्या एकाला अर्थिंग नसेल, तर दोन्हींच्या मधे तुम्ही उभे असता. अॅम्पमध्ये आत बिघाड असेल, तर झिणझिण्यांवर निभावत नाही, जीव जातो.

साधा डिजिटल मल्टिमीटर बॅगेत ठेवा. एसी व्होल्टला लावून सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यात २३०च्या आसपास हवं. फेज-अर्थही तेवढंच हवं. ते ६०, ११० असं कुठेतरी भटकत असेल तर अर्थ नुसता छिद्रापुरता आहे, मागे तारच नाही. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. ते वीस-तीसच्या वर गेलं तर न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता आहे. थ्री-फेजवर डीजेच्या लाइटसोबत तुमचा अॅम्प असेल आणि तो न्यूट्रल सुटला, तर २३०च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येतात आणि अॅडाप्टरसकट सगळं जळतं. अशा बोर्डाला काहीच लावू नका. शेवटी सगळं चालू करून मल्टिमीटरची एक पिन गिटारच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला लावा. पाच-दहा व्होल्ट जरी दिसले तरी वाजवायचं नाही.

उपाय फार महाग नाहीत. अॅम्प, पेडल, कीबोर्ड, मिक्सर सगळं एकाच बोर्डावरून घ्या. त्यासाठी जाड वायरचं थ्री-पिन एक्स्टेंशन स्वतःचं ठेवा आणि त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घ्या. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा अर्थशी जोडलेलाच नसतो. तो जोडायला आणि जमिनीत रॉड ठोकायला वायरमनलाच सांगा, स्वतः हात घालू नका. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, कोरड्या ढेकळात रॉड नुसता उभा राहतो, अर्थ मिळत नाही. तासभर आधी तिथे मिठाचं पाणी ओतायला लावा. काहीच जमत नसेल तर गाणाऱ्याला कॉर्डलेस माइक द्या, तारेची वाटच तुटते.

आणि भोंऽऽ आवाज येतो म्हणून प्लगची जाड पिन कापू नका. हा ‘जुगाड’ शिकवणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याच्यापासून लांब राहा. तो आवाज दोन बोर्डांचे अर्थ केबलमधून एकमेकांना भिडल्यामुळे येतो. डीआय बॉक्सवरचं (वाद्याचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा; ते फक्त सिग्नल केबलचा अर्थ तोडतं, लाइटचा नाही.

एवढं वाचून घाबरू नका. हे तपासायला दहा मिनिटं लागतात आणि दोन कार्यक्रमांनंतर हात आपोआप वळतो.

स्पीकरमधून मारणाऱ्या शिट्टीचं, म्हणजे फीडबॅकचं, थोडक्यात: माइकची जाळी मुठीत धरू नका आणि मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा, साध्या कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणाऱ्या) माइकला तिथलं सगळ्यात कमी ऐकू येतं. हलगी किंवा संबळ सोबत असेल तर त्यांना माइक देण्याआधी मैदानात उभं राहून ऐका, बहुतेक वेळा लागत नाही. कातड्याची हलगी शेकून चढवलेली असते, हवेत ओल असली की दोन गाण्यांत उतरते. तिची गाणी दोन-दोनच्या जोडीत लावा, मधे शेकायला वेळ ठेवा.

मायनस ट्रॅकवर (आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर) वाजवायची सवय लावूच नका, हे माझं ठाम मत आहे. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे एकमेकांकडे बघायचं राहून जातं. लय पक्की करायची तर गावातल्या भजनी मंडळात पखवाजवाल्याशेजारी महिनाभर टाळ धरा. व्हिडिओ बघून ते येत नाही. आणि गुरू शोधायचाच तर जुन्या ऑर्केस्ट्रातला साउंड ऑपरेटर शोधा.

पैशाआधी कागद करा. गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तीन वेगळे हक्क आहेत. कोणी लिहिलं, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, हे दोस्ती घट्ट असतानाच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. बँड फुटल्यावर कोणाला काही आठवत नाही.

उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो, सणांची सवलत मोजक्याच दिवसांना असते. त्यात सत्कार आणि भाषणं लांबतात. आठचं स्टेज तुम्हाला साडेनऊला मिळतं. म्हणून स्वतःचं सगळ्यात चांगलं गाणं शेवटाला राखून ठेवू नका, दुसऱ्या नंबरला वाजवा.