चढणारे चार, गाडीतले दोन: भंडारदऱ्याच्या सहलीची आखणी

डोंगरात जायचं म्हटलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. मी, आमचे हे, मुलगा आणि नणंद असे चढणारे चार. सासूबाई आणि ऐरोलीचे भाऊजी, म्हणजे नणंदेचे यजमान, हे दोघं गुडघ्यांमुळे खाली राहणारे. अशा मिश्र मंडळींची सहल दोन प्रकारे फसते. एक तर सगळे गाडीतच बसून एकामागून एक पॉइंट उरकतात, नाहीतर चढणारे सात-आठ तास गायब होतात आणि बाकीचे पार्किंगमध्ये बिस्किटं खात वाट बघतात. म्हणून आखणीला बसले की 'कुठला गड?' हा प्रश्न मी नंतर घेते. आधी बघते, पायथ्याच्या गावात आणि पुढच्या रस्त्यावर खालच्या दोघांचे पाच-सहा तास मजेत जातील का. जाणार असतील तर चढाई आणि गाडीची भटकंती एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर बसते.

या कसोटीला ठाण्याच्या आसपास भंडारदऱ्याइतकं चोख उतरणारं दुसरं ठिकाण मला दिसत नाही. माळशेज घाट सुंदर आहे, पण तिथे घाट बघून झाला की खालच्यांनी करायचं काय? नाणेघाटाला वैशाखरेकडून चढलात तर गाडीतल्या माणसांना हायवेच्या कडेला बसावं लागतं, आणि गाडीने वर पोचायचं तर माळशेज चढून जुन्नरवरून लांबचा वळसा. भंडारदऱ्याला धरणाच्या पाण्याभोवती रस्त्याचं कडं आहे आणि चढायच्या वाटा त्या रस्त्यावरूनच फुटतात.

मुक्काम एकच

रोज हॉटेल बदलू नका. सामान बांधण्या-सोडण्यात सकाळ जाते आणि डोंगरात सकाळच महत्त्वाची. धरणाजवळच्या शेंडी गावात दोन रात्री राहिलं की कळसूबाईचं बारी गाव, रतनगडाचं रतनवाडी, घाटघर, साम्रद सगळं हाताशी येतं. हरिश्चंद्रगडही राजूरवरून पाचनईला जाऊन एका दिवसात होतो. पण पाचनईचा दिवस फक्त चढणाऱ्यांचा, हे लक्षात ठेवा. कोकणकडा आणि केदारेश्वराची गुहा खालच्यांना दिसत नाही, आणि पायथ्याशी त्यांनी घालवायला फारसं काही नाही. आमच्यासारख्या कुटुंबाने तो वेगळा ठेवावा.

अंतराच्या बाबतीत नकाशावर विसंबू नका. घाटघरच्या कड्यावर उभं राहून खाली बघितलं तर जे पाणी चमकतं ते चोंढ्याचं, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचं. तिथे २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या धरणातलं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. पाणी सरळ वर-खाली जातं. आपल्याला मात्र शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी असा अख्खा वळसा घालून तिथे पोचावं लागतं. म्हणून कागदावर मी किलोमीटर लिहीतच नाही, तास लिहिते. पहाटे पाचला ठाणं सोडलं तर शेंडीला साडेनऊ धरते, चहा-नाश्ता आणि सासूबाईंचे पाय मोकळे करण्याचे दोन थांबे धरून. साडेसहाला निघालात तर माणकोलीपासूनच हिशोब वेगळा.

जाताना समृद्धी की जुना हायवे? आमणे ते इगतपुरी हा समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि वेळ नक्कीच वाचतो. पण त्या रस्त्याने कसारा घाट सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात जातो, दिसत काहीच नाही. आम्ही जाताना जुन्या घाटाने जातो आणि येताना, सगळे पेंगत असताना, समृद्धीने. बाइकवाल्यांना समृद्धीवर परवानगी नाही, त्यांचा प्रश्न तिथेच मिटला. गाडीच नसेल तर पहाटेची कसारा लोकल आणि पुढे जीप. एका दिवसाच्या कळसूबाईला ते पुरतं, पण पाण्याभोवतीच्या रस्त्यासाठी हाताशी गाडी लागतेच.

घड्याळ उलटं लावा

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि झाडीत त्याच्या आधी अर्धा तास अंधारून येतं. तेव्हा शेवटचा माणूस चार वाजता पायथ्याला, इथून मी मागे मोजत जाते. चढाईचा वेळ अंतरावरून नाही, उंचीवरून काढायचा. विल्यम नैस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता: सपाटीवर तासाला तीन मैल चाला आणि प्रत्येक दोन हजार फूट चढाईला एक तास वाढवा. तो ठोकताळा त्याच्यासारख्या काटक माणसांचा. आपण आठवडाभर खुर्चीत बसणारी माणसं. मी थांबे धरून तासाला तीनशे मीटर चढ मोजते. कळसूबाई १६४६ मीटर, बारीपासूनचा चढ आठशे-साडेआठशेच्या घरात, म्हणजे तीन तास तरी. उतरायला निम्मा वेळ लागेल असं तरुण मुलं म्हणतात, पण शिड्यांवर रविवारची रांग असते आणि उतारावर गुडघे कुरकुरतात. उतरायला अडीच तास धरा. वर एक तास. सकाळी सातला पहिलं पाऊल पडलं तर दीडला खाली आणि हाताशी अडीच तासांची शिल्लक. ती शिल्लक दुसऱ्या कशात खर्च करायची नाही.

आणि परतायची वेळ निघतानाच ठरवून सगळ्यांना सांगायची. आमच्याकडे साडेअकराला जिथे असू तिथून मागे फिरायचं. शिखर समोर दिसत असलं तरी. आमचे हे दरवेळी वाद घालतात, मी ऐकून घेते आणि वळते.

रतनगडाचा दिवस, जरा सविस्तर

शेंडीहून दोन्ही गाड्या दक्षिणेच्या रस्त्याने कोलटेंभ्यावरून रतनवाडीला. पोचल्यावर पहिलं काम जेवण सांगायचं. इथे घरगुती जेवण मिळतं, पण सांगून गेलं तरच चूल पेटते. मी पहिल्यांदा "सहा ताटं" म्हणाले, तर त्या बाई हसल्या. "ताई, माणसं नका सांगू, भाकऱ्या सांगा. गडावरून उतरलेला माणूस एकाचे दोन होतो." तेव्हापासून मी भाकऱ्या सांगते. तांदळाच्या की नाचणीच्या तेही तेव्हाच सांगायचं, पीठ तसं मळावं लागतं.

दुसरं काम, गाड्यांच्या किल्ल्या. दोन्ही किल्ल्या खाली राहणाऱ्याकडे, म्हणजे आमच्यात भाऊजींकडे. किल्ली खिशात घेऊन नवरा गडावर आणि सासूबाई उन्हात बंद गाडीबाहेर, ही वेळ येऊ देऊ नका. या भागात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवायची: दोन वाजता, अमृतेश्वराच्या देवळापाशी. नकाशा शेंडीलाच फोनमध्ये उतरवून घ्यायचा.

चढणाऱ्यांची वाट प्रवरेच्या काठाने झाडीत शिरते. प्रवरा उगम पावते ती याच गडावर, त्यामुळे ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. सप्टेंबरात घोट्यापर्यंत पाणी असतं तेव्हा जास्तीचे मोजे घ्या. मध्ये एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे, हरिश्चंद्रगडाच्या दिशेला फुटते. शनिवारी पुढे माणसं दिसतात म्हणून कळत नाही, आडवारी मात्र गावातला वाटाड्या घ्यावा. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. शेवटी लोखंडी शिड्या लागतात. एका वेळी एकाच माणसाने चढायचं, हातात काहीच नाही, फोन सॅकमध्ये. शिड्यांच्या आसपास माकडं असतात आणि बाहेर लटकवलेली प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे त्यांना आमंत्रण. वर नेढं आहे, कड्याला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा इतका येतो की घामाने भिजलेला शर्ट पाच मिनिटांत गार पडतो. पातळ जॅकेट तेव्हासाठी, चढताना घालायला नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या.

या वेळात खालचे दोघं काय करतात? अमृतेश्वराचं देऊळ हेमाडपंती, कोरीवकामाने भरलेलं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड बुडते. हिवाळ्यात निवांत दर्शन होतं. जवळच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. सासूबाईंना तिथे तास पुरत नाही. मग दोघं गाडीने साम्रदला जातात. गावातून सांदण दरीच्या तोंडापर्यंतची चाल बऱ्यापैकी सपाट आहे, काठी घेऊन सावकाश जाता येतं. आत उतरायचं नाही. दगडांच्या राशी आणि मध्ये साचलेलं पाणी आहे, ते तरण्याताठ्यांचं काम. आणि पावसाळ्यात तर कोणीच उतरू नये, वर कुठे पाऊस पडला की त्या चिंचोळ्या घळीत पाणी कोंडून येतं.

दोनला भेट, जेवण, आणि तीनला सगळे मिळून साम्रद-घाटघरमार्गे पुढे. इथून पाण्याभोवतीचं कडं पूर्ण होतं. आल्या रस्त्याने परत फिरायचं नाही. घाटघरचा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून तो दुपारनंतरच ठेवायचा, समोरचं ऊन तिरपं झालं की दरीतले डोंगर एकामागे एक सुटे दिसायला लागतात. अलंग, मदन, कुलंग हे तिघं इथून छान ओळखता येतात. सूर्यास्त पूर्ण बघण्याचा मोह मात्र आवरा. पुढे उडदावणे, पांजरे, मुरशेत असा अरुंद रस्ता आहे, अंधारात गुरं घरी परतत असतात. सूर्य टेकायला आला की आम्ही गाडीत बसतो.

परत येताना पाण्याकडे बघत मुलाला राघोजी भांगऱ्यांची गोष्ट सांगितली. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, इंग्रजांविरुद्ध उठलेले, २ मे १८४८ ला फाशी गेलेले. फाशी कुठे दिली, तर ठाण्याच्या तुरुंगात. क्लासला जाताना ज्या भिंतीशेजारून त्याची रिक्षा जाते, तिच्या आत. तो बराच वेळ गप्प होता, ही आमच्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे.

घाटात गाडी

हे भाऊजींचं खातं, त्यांचेच नियम लिहिते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ही केवळ रीत नाही, वाहतुकीच्या नियमांतच आहे. फोटोसाठी वळणावर थांबायचं नाही, थांबायचं तर जिथे मागच्याला दोन्ही बाजू दिसतात तिथे. टाकी घोटीला भरून घ्या. धुक्यात हेडलाइट डिपरवर, वर करून नाही, नाहीतर समोर पांढरी भिंत दिसते.

गाडी लागते त्याला पुढे बसवा, काच थोडी खाली आणि हातात आलेपाक. मोबाइल बघू द्यायचा नाही. आमचा मुलगा याला अन्याय म्हणतो.

कधी जायचं

जुलै-ऑगस्टमध्ये फक्त गाडीची सहल करा. घाटघर पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की कड्यावर उभं राहून हातभर पुढचं दिसत नाही. निसरड्या शिड्यांवर कुटुंबाला चढवण्यात शौर्य नाही. गर्दीच्या धबधब्यांवर बंदीचे आदेशही निघतात, निघण्याआधी बातम्या बघा. सप्टेंबरअखेर सोनकीच्या फुलांनी पठारं पिवळी होतात, पाणीही असतं. माझ्या मते हा सगळ्यात चांगला काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चढाईचे महिने. नवरात्रात कळसूबाईला जत्रा असते, तेव्हा देवीसाठी जा, ट्रेकसाठी नको. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे. त्यासाठी रात्रीच राहावं लागतं, आणि गाडीचे दिवे बंद ठेवून झाडांपासून लांब उभं राहायचं. हे सगळं अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्या आणि खिशात ठेवा. अडचणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

रविवारी शेंडी बाराच्या आत सोडायची, जेवण घोटीला. तीन वाजता निघालात तर भिवंडी बायपास ते खारेगाव या पट्ट्यात अख्खा नाशिक तुमच्या पुढे असतो, आणि घरी पोचून खिचडीचा कुकर लावायला नऊ वाजतात.