कारचं लायसन्स आहे, म्हणजे बाइकचंही झालं का? कार्ड वाचायचं कसं आणि दुचाकीचा वर्ग वाढवायचा कसा

लायसन्स पाकिटातून काढा आणि त्यावरचा वाहनवर्गाचा रकाना शोधा. बऱ्याच कार्डांवर तिथे 'सीओव्ही' असं छापलेलं असतं. त्याखाली फक्त 'एलएमव्ही' (हलकं मोटार वाहन, म्हणजे आपली कार) असेल, तर तुम्हाला दुचाकी चालवायची परवानगी नाही. बुलेट नाही, ॲक्टिवा नाही, कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा नाही. "कार येते म्हणजे टू-व्हीलर त्यात आलीच" असं छातीठोकपणे सांगणारे एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतात, म्हणून हे सगळ्यात आधी सांगून टाकतेय.

अशाच एका काकांच्या भरवशावर मी सात वर्षं भावाची स्कूटर फिरवली. मग एका सिग्नलला हवालदारांनी कार्ड घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि एलएमव्हीच्या खालच्या कोऱ्या जागेवर नख ठेवलं. "ताई, इथं काहीच नाही." दंड भरला, भावाची बोलणी खाल्ली आणि मग रीतसर वर्ग वाढवून घेतला. त्यानंतर जाऊबाईंपासून वरच्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत आठ-नऊ जणांना याच कामासाठी आरटीओत घेऊन गेलेय.

कार्डावर काय असायला हवं

दुचाकीचे दोन वर्ग आहेत. 'एमसीडब्ल्यूओजी' म्हणजे बिनगिअरची, 'एमसीडब्ल्यूजी' म्हणजे गिअरची. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या कलम 10 मध्ये हे दोन्ही वर्ग हलक्या मोटार वाहनापेक्षा वेगळे दिलेत. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीपुरतं असतं. त्यावर आजची 110 सीसीची स्कूटर चालत नाही.

हल्ली काकांकडे नवा मुद्दा आलाय: "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, एलएमव्हीवर सगळं चालतं." नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाचा निकाल आला हे खरं. पण तो होता 7,500 किलोपर्यंतच्या व्यावसायिक वाहनांबद्दल, म्हणजे छोटा टेम्पो, टॅक्सी वगैरे. मोटारसायकलशी त्याचा संबंध नाही. "बाइकचं वजन तर त्याहून कितीतरी कमी आहे की" हा युक्तिवादही मी ऐकलाय. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत मोटारकार आहे, ट्रॅक्टर आहे, अगदी रोडरोलरही आहे. मोटारसायकल नाही. तिची व्याख्या कायद्यात स्वतंत्र आहे.

वर्ग नसताना चालवलीत तर कलम 181 खाली 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने ती तुम्हाला दिली म्हणून कलम 180 खाली त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. पण दंड परवडला असं म्हणायची वेळ येते ती अपघात झाला तर. समोरच्याला विमा कंपनीने भरपाई दिली, तरी ती रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल करायचा आदेश निघू शकतो. पॉलिसीत मालक-चालकासाठी 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, त्यालाही वैध लायसन्सची अट आहे.

अर्ज

लायसन्सच्या कामांसाठी असलेल्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर आधी दुचाकीच्या वर्गासाठी लर्निंग लायसन्सचा अर्ज करायचा. अर्जाच्या सुरुवातीला तुमच्याकडे आधीचं लायसन्स आहे का ते विचारतात. तिथे 'आहे' निवडून जुना नंबर टाका. माझ्या भाच्याने घाईत 'नाही' निवडलं आणि नवाकोरा उमेदवार म्हणून त्याचा अर्ज तयार झाला. एका माणसाला एकाहून जास्त लायसन्स ठेवता येत नाही, त्यामुळे ते निस्तरण्यात त्याचे दोन महिने गेले. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांचं फॉर्म 1-ए मधलं प्रमाणपत्र लागतं. लर्निंगचे 150, वर्ग वाढवायचे 500 आणि चाचणीचे 300 अशी केंद्राने ठरवलेली मूळ फी आहे. कार्डाचे आणि इतर किरकोळ आकार वेगळे. एजंटची गरज नाही.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पहिले तीस दिवस उलटल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा. पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस आणि अक्षर 10 सेंटिमीटर उंच, असं नियमात मोजून दिलंय. मागे बसवायचं तर शिकवणाऱ्या लायसन्सधारकालाच. मैत्रिणीला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्ग निवडताना गिअरचाच निवडा आणि चाचणीला गिअरचीच गाडी न्या, आयुष्यभर फक्त स्कूटरच चालवायची असली तरी. ज्या प्रकारच्या गाडीसाठी अर्ज, त्याच प्रकारच्या गाडीवर चाचणी. मात्र गिअरच्या गाडीवर पास झालात की बिनगिअरचीही चाचणी पास झाल्याचं कलम 9 मध्येच म्हटलंय. उलट मात्र होत नाही. "स्कूटरवर सोपं जातं, तिच्यावर देऊन टाक" हा सल्ला देणाऱ्याला उद्या तुम्हाला पुन्हा फी भरून पुन्हा रांगेत उभं राहावं लागणार आहे याचं काही पडलेलं नसतं.

आठचा आकडा

मी इथे दोनदा नापास झाले, आणि तेव्हा मला कार चालवायचा बारा वर्षांचा अनुभव होता. खरं तर त्या अनुभवामुळेच झाले. जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा आखलेला असतो. पाय न टेकवता, रेषेवर न जाता, गाडी बंद न पाडता तो पूर्ण करायचा. लांबून बघताना पोरखेळ वाटतो.

कारवाल्याचं बिनसतं ते तीन ठिकाणी. पहिलं, क्लच. कारमध्ये क्लच अर्धवट दाबून ठेवू नको, प्लेट जळते, असं आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. आठमध्ये तेच करायचं असतं. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर अगदी थोडा आणि एकसारखा, क्लच अर्ध्यावर. वेग कमी-जास्त करायचा तो क्लचच्या लिव्हरने, दोन बोटांनी, ॲक्सिलरेटरला हात न लावता. मी दर वळणाला ॲक्सिलरेटर सोडत होते. पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली, दुसऱ्यांदा पाय टेकला.

दुसरं, ब्रेक. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक चुकूनसुद्धा दाबायचा नाही. त्या वेगात पुढचं चाक अडलं की गाडी आतल्या बाजूला आडवी होते आणि सावरायला वेळच मिळत नाही. माझ्या गुडघ्यावर अजून खूण आहे. उजवा पाय मागच्या ब्रेकवर अलगद टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन थोडं ओढतंय आणि ब्रेक थोडा अडवतोय अशा ताणात गाडी स्थिर राहते. सरावाला उतरायच्या आधी उजव्या हाताची चारही बोटं मुठीवर गुंडाळा. ब्रेकच्या लिव्हरवर बोट नसेल तर घाबरून दाबलंही जाणार नाही.

तिसरं, नजर. बॉनेटच्या पुढचा रस्ता बघायची सवय असल्याने आपण पुढच्या चाकाकडे आणि रेषेकडे बघतो, आणि जिथे बघतो तिथेच गाडी जाते. पहिल्या गोलात शिरतानाच मान वळवून गोलाच्या पलीकडच्या टोकाकडे बघा. मधल्या फुलीवर पोचायच्या आधी नजर दुसऱ्या गोलात गेलेली पाहिजे. हनुवटी खांद्याला लागेल इतकी मान वळली तर बरोबर. गाडी आत कलली की अंग किंचित बाहेर ठेवा. वेगात घेतात तसं गाडीबरोबर आत झुकू नका.

सरावाला दोन बादल्या पुरतात. मोकळ्या मैदानात आधी सात-आठ पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती आठ काढा, मग रोज एकेक पाऊल जवळ आणा. पाच पावलांवर सलग दहा आठ पाय न टेकता जमले की तारीख घ्या. रोज वीस मिनिटं, दोन आठवडे. एका रविवारी चार तास घासून काही होत नाही, नुसता डावा हात आखडतो.

गाडी हलकी मागा. शंभर-सव्वाशे सीसीची, उभ्या हँडलची, स्प्लेंडरसारखी. दिराने मला प्रेमाने बुलेट देऊ केली होती. नाही म्हणाले ते शहाणपणाचं ठरलं. आदल्या दिवशी इंजिन जागेवर चालू ठेवून बघा, ॲक्सिलरेटर न देता बंद पडत असेल तर आयडलिंग थोडं वाढवून घ्या. त्या गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी तपासा, मागितल्या गाडीचा पीयूसी हमखास संपलेला असतो. आणि हेल्मेट.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा येता येतं. तीनदा झालात तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात लर्निंगचे सहा महिने भरत आले तर पंचाईत. म्हणून पहिली चाचणी पाचव्या महिन्यावर ढकलू नका.

कार्ड घरी आलं की पाकीट फोडून लगेच वाचा. दुचाकीच्या ओळीत 'एमसीडब्ल्यूजी' हवं आणि जुनं 'एलएमव्ही' जागच्या जागी हवं. वरच्या आजोबांच्या कार्डावर गिअरऐवजी बिनगिअर छापून आलं होतं. चाचणीची पावती जपून ठेवली होती म्हणून दुरुस्ती झाली.